औषधांना दाद न देणारा अपस्मार : शस्त्रक्रियेविषयी वाचकांचे प्रश्न

अपस्मारावरील औषधोपचारांविषयीच्या लेखानंतर आलेली बहुसंख्य पत्रे एकाच विषयाकडे वळली आहेत : औषधे नियमित घेऊनही फिट थांबत नसतील, तर मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विचार कधी आणि कसा करावा? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि पत्रलेखकांची ओळख गाळून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ही उत्तरे वाचून कोणीही चालू औषधाची मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नये. अपस्मारात औषध अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे वय २९ असून त्याला नऊ वर्षांपासून फिट येतात. तीन औषधे झाली, मात्रा वाढवून झाल्या, तरी महिन्यातून तीन-चार वेळा त्याची शुद्ध हरपते. आता चौथे औषध सुरू होणार आहे. शस्त्रक्रियेविषयी विचारले तेव्हा ‘तो अगदी शेवटचा उपाय, आताच तो विषय नको’ असे उत्तर मिळाले. आम्ही थांबावे का?

उत्तर : चौथे औषध सुरू करण्यास हरकत नाही, मात्र त्याच्या परिणामाची वाट पाहत शस्त्रक्रियापूर्व तपासणी लांबणीवर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मतामागचे कारण आकड्यांत आहे. ग्लासगो येथील क्वान आणि ब्रोडी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी कोणतेही उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्या औषधाने थांबल्या, आणखी १३ टक्क्यांच्या दुसऱ्या औषधाने थांबल्या. तिसरे औषध किंवा दोन औषधांची जोडी यांनी मात्र जेमतेम ४ टक्क्यांची भर घातली. त्यानंतरच्या काळात बाजारात अनेक नवी औषधे आली, त्यांचे दुष्परिणामही तुलनेने सौम्य आहेत. परंतु त्याच केंद्राने २०१८ साली मांडलेल्या हिशोबात हे चित्र फारसे बदललेले नव्हते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१० साली व्याख्या ठरवताना दोन औषधांवर रेघ ओढली : योग्य निवडलेली, योग्य मात्रेत घेतलेली आणि सोसवणारी दोन औषधे वापरूनही फिट पूर्णपणे थांबत नसतील, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा. आपल्या भावाने ही रेघ केव्हाच ओलांडली आहे.

अर्थात, ‘योग्य निवडलेली’ या अटीची खातरजमा आधी व्हायला हवी. औषधे लागू पडत नाहीत असे वाटणाऱ्या काही रुग्णांत मुळात निदानच चुकलेले असते. हृदयाची गती बिघडल्याने येणारी मूर्च्छा किंवा मानसिक ताणातून उद्भवणारे, फिटसारखेच दिसणारे झटके यांवर अपस्माराची औषधे वर्षानुवर्षे दिली जातात. काही वेळा अपस्मार असतो, पण त्याचा प्रकार ओळखण्यात चूक होते. सकाळी उठल्यावर हातांना झटके बसून चहाचा कप सुटणाऱ्या किशोरवयीन रुग्णाला कार्बामाझेपिन दिले तर झटके वाढू शकतात, आणि मग दोष औषधनिवडीचा असूनही रोग हट्टी ठरतो. अधूनमधून गोळ्या चुकणे आणि अपुरी झोप ही कारणे तर नेहमीचीच आहेत. या साऱ्याचा उलगडा अपस्मारावर विशेष काम करणाऱ्या केंद्रातच नीट होतो, आणि तेथे लवकर जाण्याचे हे शस्त्रक्रियेइतकेच मोठे कारण आहे.

२०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने या संदर्भात दिलेली शिफारस निःसंदिग्ध आहे : औषधांना दाद मिळत नाही हे स्पष्ट होताच, सत्तर वर्षांपर्यंतच्या प्रत्येक रुग्णासमोर शस्त्रक्रियापूर्व तपासणीचा पर्याय ठेवावा. तपासणी करून घेणे म्हणजे शस्त्रक्रियेला संमती देणे नव्हे. अनेकांना तपासणीनंतर शस्त्रक्रिया सुचवलीच जात नाही, आणि सुचवलेल्यांपैकी काही जण विचारपूर्वक नकार देतात. दोन्ही निर्णय रास्त असू शकतात. परंतु नऊ वर्षे केवळ गोळ्या बदलत राहणे हासुद्धा एक निर्णयच आहे आणि त्यालाही जोखीम आहे. अपस्मार असलेल्या प्रौढांत दर हजारांमागे सुमारे एक जण दरवर्षी अचानक, अन्य कोणतेही कारण न सापडता दगावतो. ज्यांना सर्वांगाला झटके देणाऱ्या फिट वारंवार, विशेषतः रात्री झोपेत येतात, त्यांच्यात हा धोका कितीतरी अधिक असतो. ‘शेवटचा उपाय’ म्हणून शस्त्रक्रिया मागे ठेवताना हा धोका सहसा हिशोबात धरलाच जात नाही. बुडणे, भाजणे आणि पडणे हे अपघात त्याहून वेगळे.

प्रश्न : माझ्या मुलीचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला आहे. तरीही डॉक्टरांनी आठवडाभर रुग्णालयात ठेवून तपासण्या करण्याचा सल्ला दिला आहे, शिवाय तेथे औषधे कमी करणार असल्याचेही सांगितले. जिथे दोषच दिसत नाही तिथे शस्त्रक्रिया कशाची करणार? आणि फिट मुद्दाम येऊ देणे हे कितपत योग्य?

उत्तर : शस्त्रक्रियेचा सारा भार एकाच प्रश्नावर असतो : फिट नेमकी मेंदूच्या कोणत्या भागात सुरू होते, आणि तो भाग काढल्यास वाचा, स्मृती, दृष्टी किंवा हातापायांची शक्ती यांना धक्का लागेल का? एमआरआय हा त्यातील एक साक्षीदार आहे. त्याची साक्ष महत्त्वाची असली तरी एकमेव नाही.

शिवाय सर्व एमआरआय सारखे नसतात. डोकेदुखीसाठी केलेल्या सर्वसाधारण चित्रणात हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्राचे आकुंचन किंवा मेंदूच्या बाह्य थरातील जन्मजात रचनादोष सहज निसटतो. अपस्मारासाठी विशिष्ट पद्धतीने, पातळ छेद घेऊन केलेले चित्रण अनुभवी तज्ज्ञाने ईईजीचे, म्हणजे मेंदूतील विद्युत्प्रवाहाच्या नोंदीचे, निष्कर्ष समोर ठेवून पुन्हा पाहिले, तर आधी ‘नॉर्मल’ ठरलेल्या चित्रात दोष सापडणे ही विरळा गोष्ट नाही. आपण पहिल्या एमआरआयच्या केवळ अहवालावर विसंबून न राहता मूळ चित्रे सोबत न्यावीत.

रुग्णालयातील ज्या तपासणीचा आपण उल्लेख केला आहे, ती व्हिडिओ ईईजी होय. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युत्प्रवाह आणि त्याच वेळी रुग्णाच्या हालचाली अहोरात्र टिपल्या जातात. त्या काळात एकही फिट आली नाही तर हाती फारसे काही लागत नाही, म्हणून औषधे देखरेखीखाली कमी केली जातात. हे घरी कधीही करू नये. पण रुग्णालयात परिचारिका, ऑक्सिजन आणि फिट थांबवणारे इंजेक्शन हाताशी असते, फिट लांबल्यास ती लगेच आवरता येते.

फिटच्या दृश्य लक्षणांतून किती माहिती मिळते, याची कुटुंबीयांना बहुधा कल्पना नसते. पोटातून वर चढणारी विचित्र लहर, मग टक लावून पाहणे, ओठांची चघळल्यासारखी हालचाल आणि एका हाताची चाळवाचाळव, तर दुसरा हात वाकडा होऊन ताठरणे, असा क्रम असेल तर संशय टेम्पोरल लोबवर, म्हणजे कानाजवळच्या बाजूच्या भागावर, आणि तोही ताठरलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूच्या लोबवर जातो. फिट संपल्यावर रुग्णाला बराच वेळ शब्द सापडत नसतील, तर ती भाषेच्या बाजूने सुरू झाली असण्याचा संभव असतो. झोपेतच येणाऱ्या, काही सेकंदांच्या, हातपाय झाडणाऱ्या फिट फ्रंटल लोबकडे, म्हणजे मेंदूच्या पुढील भागाकडे, बोट दाखवतात. डोळ्यांसमोर रंगीत ठिपके दिसून सुरू होणाऱ्या फिट मेंदूच्या मागील भागाकडे. म्हणून घरच्यांनी मोबाइलवर केलेले चित्रण अवश्य दाखवावे. त्यात फिटची सुरुवात आली असेल तर उत्तम. घाबरून नंतर सुरू केलेले चित्रणही अगदीच निरुपयोगी नसते.

एवढ्यावरही चित्र स्पष्ट न झाल्यास पेट स्कॅनमध्ये ग्लुकोजचा वापर कमी झालेला भाग शोधतात, फिट सुरू होताच किरणोत्सारी द्रव्य टोचून रक्तप्रवाह वाढलेला भाग स्पेक्टद्वारे टिपतात, आणि काही केंद्रांत मेंदूतील सूक्ष्म चुंबकीय लहरी मोजणारे एमईजीही उपलब्ध असते. हे सारे जुळले नाही, पण एखाद्या भागावर साधार संशय असला, तर कवटीला बारीक छिद्रे पाडून केसासारखे बारीक नव्हे पण तरीही जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे इलेक्ट्रोड मेंदूत खोलवर ठेवतात आणि एक-दोन आठवडे थेट आतून नोंद घेतात. पॅरिसमध्ये तालेराक आणि बाँको यांनी १९५०च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत स्टीरिओ-ईईजी म्हणून ओळखली जाते. हीसुद्धा एक शस्त्रक्रियाच आहे. तिच्यात रक्तस्रावाचा आणि जंतुसंसर्गाचा अल्प धोका असतो, त्यामुळे ती केवळ कुतूहलापोटी करत नाहीत.

एमआरआयमध्ये दोष दिसत नसताना शस्त्रक्रिया यशस्वी होण्याची शक्यता, दोष दिसत असताना असते त्यापेक्षा कमी असते, हे मात्र आपण आधीपासून लक्षात ठेवावे.

प्रश्न : पत्नीच्या डाव्या टेम्पोरल लोबमधील हिप्पोकॅम्पस आकसला असल्याचे निदान झाले असून तो भाग काढण्याचा सल्ला मिळाला आहे. ती शिक्षिका आहे. तिची स्मरणशक्ती जाईल, या भीतीने आम्ही दोघेही निर्णय घेऊ शकत नाही.

उत्तर : आपली भीती निराधार नाही, आणि ती उडवून लावणाऱ्या डॉक्टरांपेक्षा तिची दखल घेणाऱ्या डॉक्टरांवर अधिक विश्वास ठेवावा.

या भीतीला इतिहास आहे. १९५३ साली अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचे आतील भाग काढले. फिट बऱ्याच कमी झाल्या, परंतु नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता कायमची गेली. २००८ साली मृत्यू होईपर्यंत ती परत आली नाही. स्मृती मेंदूत कोठे घडते याविषयीचे पुष्कळसे ज्ञान त्यांच्यावरील अभ्यासातून मिळाले. त्यानंतर दोन्ही बाजूंवर अशी शस्त्रक्रिया करणे बंद झाले. आपल्या पत्नीला सुचवलेली शस्त्रक्रिया एकाच बाजूची आहे, आणि दुसरी बाजू निरोगी असल्यास मोलेसन यांच्यासारखी विस्मृती अपेक्षित नसते.

एकाच बाजूच्या शस्त्रक्रियेतही, विशेषतः भाषेच्या बाजूला, म्हणजे बहुतेक माणसांत डावीकडे, शब्दाधारित स्मृती काही प्रमाणात उणावू शकते : नावे पटकन न आठवणे, वाचलेले लक्षात ठेवायला अधिक वेळ लागणे. येथे एक विरोधाभास आहे. हिप्पोकॅम्पस पूर्ण आकसला असेल आणि शस्त्रक्रियेपूर्वीच स्मृती मंद असेल, तर गमावण्यासारखे थोडेच उरलेले असते. आकुंचन अल्प आणि स्मृती तल्लख असेल, तर हानीचा संभव अधिक. म्हणून सविस्तर मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल मागावा आणि ‘माझ्या पत्नीच्या बाबतीत कोणती क्षमता किती उणावण्याची शक्यता आहे’ असा थेट प्रश्न विचारावा. भाषेची बाजू पूर्वी वाडा चाचणीने, म्हणजे एका बाजूचा मेंदू औषधाने काही मिनिटे सुस्त करून, ठरवत असत. आता पुष्कळदा कार्यात्मक एमआरआयवर भागते. भाषेच्या केंद्राजवळ काम करायचे असल्यास रुग्णाला जागे ठेवून, बोलते ठेवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धतही आहे. माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी ती रूढ केली.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहू. कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या आणि निम्म्यांना केवळ औषधांच्या गटात ठेवले होते. वर्षअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५८ टक्के, तर दुसऱ्या गटात ८ टक्के होते. हे यश सर्वांच्या बाबतीत टिकत नाही : लंडनमधील ६१५ रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात पाच वर्षांनंतर ५२ टक्के आणि दहा वर्षांनंतर ४७ टक्के रुग्ण अशा फिटपासून सलग मुक्त राहिलेले आढळले. त्या अभ्यासात टेम्पोरल लोबखेरीज इतर शस्त्रक्रियाही होत्या, हे ध्यानात घेऊन ते आकडे वाचावेत. शिवाय न थांबलेल्या फिट आणि अनेक औषधांचा एकत्रित मारा यांचाही स्मृतीवर परिणाम होतच असतो. शस्त्रक्रिया टाळली म्हणजे स्मृती आहे तशी राहील, असे नाही.

आपल्या पत्रात नसलेली एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. या शस्त्रक्रियेनंतर काहींच्या नजरेच्या क्षेत्राचा विरुद्ध बाजूचा वरचा कोपरा जातो. दैनंदिन जीवनात ते फारसे जाणवत नाही, परंतु वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी अडचण येऊ शकते. पहिल्या काही महिन्यांत उदासी येण्याचाही संभव असतो, आणि फिट पूर्ण थांबलेल्यांनाही ती येते, याचे घरच्यांना आश्चर्य वाटते. तिच्यावर वेळीच उपचार करावेत.

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून कित्येकदा फिट येतात आणि मेंदूचा अर्धा भाग ‘तोडावा’ लागेल असे सांगितले आहे. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. अर्ध्या मेंदूवर तो कसा जगेल?

उत्तर : एका आईने हे ऐकणे किती कठीण असेल, याची मला जाणीव आहे. ‘तोडणे’ याचा अर्थ येथे संपर्क तोडणे असा घ्यावा. हेमिस्फेरोटॉमी या शस्त्रक्रियेत मेंदूचा रोगग्रस्त अर्धगोल बव्हंशी जागेवरच राहतो, त्याचा रक्तपुरवठाही चालू राहतो. फक्त त्याला उरलेल्या मेंदूशी जोडणारे तंतू छेदले जातात, जेणेकरून तेथील विद्युत्‌वादळ निरोगी बाजूला पोहोचू नये.

ही शस्त्रक्रिया संपूर्ण अर्धगोल बिघडलेला असतानाच करतात : रासमुसेन यांचा मेंदूदाह, जन्माच्या सुमारास झालेला मोठा पक्षाघात, एका बाजूच्या मेंदूची जन्मजात अवास्तव वाढ. अशा मुलांत तो अर्धगोल उपयोगाचे काम फारसे करत नसतो. उलट निरोगी बाजूच्या विकासात सतत व्यत्यय आणत असतो. लहान वयात भाषा निरोगी बाजूला स्थलांतरित होऊ शकते, आणि ही लवचीकता वयानुसार ओसरते, म्हणून डॉक्टर घाई करत आहेत असे आपल्याला वाटले तरी त्यामागे हे कारण असू शकते.

काय गमवावे लागेल, हेही स्पष्ट असावे. विरुद्ध बाजूच्या हाताची बोटे स्वतंत्रपणे हलवण्याचे कौशल्य जाते किंवा आधीच गेले असल्यास परत येत नाही. तो हात मदतीचा हात म्हणून वापरता येतो. बहुतेक मुले फिजिओथेरपीनंतर चालतात. दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा त्याच विरुद्ध बाजूचा अर्धा भाग कायमचा जातो. काही मुलांत पुढे मेंदूत पाणी साठून नळी बसवावी लागते, म्हणून डोकेदुखी, उलट्या किंवा सुस्ती दिसल्यास शस्त्रक्रियेला वर्ष लोटले असले तरी लगेच डॉक्टरांना दाखवावे.

मुलांमधील अपस्मार-शस्त्रक्रियेविषयीचा एक सबळ पुरावा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून आला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत १८ वर्षांपर्यंतची ११६ मुले होती. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ७७ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्या गटातील ७ टक्के मुले फिटमुक्त होती. शस्त्रक्रिया झालेल्या एकतृतीयांश मुलांत गंभीर परिणामही नोंदवले गेले, त्यांपैकी बरेचसे एका बाजूच्या दुर्बलतेचे, म्हणजे शस्त्रक्रियेच्या स्वरूपावरून आधीच अपेक्षित असलेले होते.

प्रश्न : मुलगा उभ्या उभ्या दाणकन कोसळतो, डोक्याला अनेकदा टाके पडले आहेत. फिट दोन्ही बाजूंनी येत असल्याने केंद्रबिंदू काढता येणार नाही असे कळले. मग काहीच पर्याय नाही का?

उत्तर : आहे. दोन्ही अर्धगोलांना जोडणारा मज्जासेतू छेदल्यास अशा कोसळण्याच्या फिट पुष्कळ मुलांत लक्षणीयरीत्या कमी होतात. ही कॉर्पस कॅलोसोटॉमी रोग बरा करत नाही, इतर प्रकारच्या फिट चालू राहू शकतात. उद्देश इजा टाळण्याचा असतो, आणि पालकांनी त्याच अपेक्षेने तिच्याकडे पाहावे. तोवर मुलाने शिरस्त्राण वापरावे.

प्रश्न : छातीत बसवायचे यंत्र, मेंदूत बसवायचे यंत्र आणि लेझर यांविषयी बरेच ऐकले आहे. कवटी न उघडता हे होत असेल, तर मोठी शस्त्रक्रिया कशाला करावी?

उत्तर : या तिन्ही गोष्टी एका माळेत ओवता येणार नाहीत.

लेझर उपचारात फिटचा केंद्रबिंदू खरोखर नष्ट केला जातो. कवटीतील बारीक छिद्रातून तंतू आत नेऊन, एमआरआयवर तापमान पाहत, ठरलेला भाग उष्णतेने जाळतात. रुग्ण लवकर घरी जातो आणि नावे आठवण्याच्या क्षमतेला कमी धक्का लागतो. मात्र आकसलेल्या हिप्पोकॅम्पससाठी फिटमुक्तीचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा काहीसे कमी आढळते. लेझरने भागले नाही तर उघड्या शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा राहतो, ही लेझरची जमेची बाजू आहे. ज्यांच्या स्मृतीला धोका अधिक आहे, त्यांनी या पर्यायाविषयी आवर्जून विचारावे.

उत्तेजन देणारी यंत्रे केंद्रबिंदू काढत नाहीत. व्हेगस मज्जातंतू उत्तेजकाला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली यंत्र बसवून त्याची तार मानेतील व्हेगस मज्जातंतूभोवती गुंडाळतात. मेंदूला हात लागत नाही. साधारण निम्म्या रुग्णांत फिटची संख्या निम्म्याहून कमी होते, तेही सावकाश, महिने-वर्षे जात असताना. फिट पूर्ण थांबणारे थोडेच. यंत्र सुरू होताना आवाज घोगरा होतो, खोकला येतो. फिटची चाहूल लागताच चुंबक फिरवून जादा उत्तेजन देता येते. मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये खोल इलेक्ट्रोड ठेवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. ११० रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनंतर फिटमधील मध्यक घट ६९ टक्के होती, म्हणजे निम्म्या रुग्णांत घट याहून अधिक, तर निम्म्यांत कमी होती. या नंतरच्या वर्षांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हा आकडा थोडा हात राखून वाचावा. फिट सुरू होताना ओळखून तेथेच प्रतिउत्तेजन देणारे यंत्र २०१३ पासून अमेरिकेत वापरात आहे. ते सर्व देशांत मिळत नाही.

त्यामुळे माझे उत्तर असे : केंद्रबिंदू एकच असेल आणि सुरक्षितपणे काढता येत असेल, तर यंत्र हा सोपा म्हणून निवडायचा पर्याय नव्हे. केंद्रबिंदू अनेक असतील, सापडत नसेल किंवा वाचेच्या आणि हालचालीच्या केंद्रांत असेल, तेव्हा यंत्रांचा खरा उपयोग होतो. यंत्र बसवण्यापूर्वी पुढे एमआरआय करता येईल का आणि बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागेल, हे विचारून घ्यावे.

प्रश्न : शस्त्रक्रियेला चार महिने झाले, एकही फिट नाही. गोळ्या कधी बंद होतील?

उत्तर : आताच नाही. शस्त्रक्रियेनंतर औषधे चालूच ठेवतात आणि प्रौढांत साधारणपणे एक ते दोन वर्षे फिटमुक्त गेल्यानंतर, ईईजी आणि एमआरआय पाहून, एकेक औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. मुलांत तो काही वेळा लवकर केला जातो. एकाहून अधिक औषधे चालू असतील, तर सर्वांत त्रासदायक औषध आधी कमी करण्याविषयी आपण बोलू शकता. काहींना औषध कमी करताना पुन्हा फिट येते. त्यांपैकी बहुतेकांची फिट औषध पूर्ववत केल्यावर आटोक्यात येते, पण सर्वांची येतेच असे नाही, त्यामुळे एखादी कमी मात्रेची गोळी कायम ठेवणे अनेक जण पसंत करतात. वाहन चालवण्याविषयी आपल्या देशाचा कायदा जो फिटमुक्त कालावधी सांगतो, तो औषध कमी करताना नव्याने मोजावा लागतो का, हे गोळ्यांना हात लावण्यापूर्वी तपासून घ्यावे.